मोर्णेनं परत केलेला कापूस

१

वडाळीच्या तलावात बंडू बुडाला तेव्हा काठावर अमरावती-अकोल्याची झाडून सारी शहाणी माणसं हजर होती, आणि त्यांतल्या एकाचंही लक्ष पाण्याकडे नव्हतं. सगळी भाषण ऐकत होती.

भाषण रावसाहेब रामराव धर्माधिकाऱ्यांचं. हे अकोल्याचे नामांकित वकील आणि 'वऱ्हाड हवाई सर्व्हिस' या नव्याकोऱ्या कंपनीचे अध्यक्ष. लढाई संपल्यावर सरकारनं जुनी फौजी विमानं विकायला काढली, त्यातलं एक डाकोटा या कंपनीनं उचललं होतं. फौजी बाकं काढून खुर्च्या बसवल्या, खुर्च्यांना पट्टे लावले, आग विझवायच्या बाटल्या टांगल्या, संकटात बाहेर ढकलता येतील अशा खिडक्या केल्या. एकेका बदलावर सरकारी तपासनिसाची मंजुरी घेतली, तेव्हा कुठं ते प्रवाशांच्या लायकीचं ठरलं. अकोल्याहून मुंबई आणि तिथून समुद्रावरून जामनगर, असा बेत होता. समुद्र आला म्हणून तरंगती जॅकेटंही आली. विमान पाण्यात पडलंच तर हे जॅकेट माणसाला बुडू देत नाही, हे लोकांना पटवण्यासाठी तलावावर हा समारंभ मांडला होता.

अमरावतीच्या मुलींच्या हायस्कुलात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या प्रमोदिनीबाई पांढरीपांडे दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं होतं, म्हणून त्यांना उठून जाता येत नव्हतं. बाईंना माणसांचा मनापासून कंटाळा होता, आणि त्यातही हार घालून घेणाऱ्या माणसांचा अधिक. तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचा आणि तो लपवावा असं त्यांना कधी वाटलं नाही.

"ज्याला हातपायसुद्धा मारता येत नाहीत, असा माणूस मी आपल्यासमोर पाण्यात सोडतो आहे!" रामराव गरजले.

तो माणूस म्हणजे कंपनीचा शिपाई बंडू. जॅकेट घालून तो नावेतून पाण्यात उतरला आणि खरंच तरंगला. टाळ्या पडल्या. बंडूनं हात हलवला. डेप्युटी कमिशनर साहेब हसले, आणि ते हसले म्हणून रामरावांना चेव आला. पुष्पक विमानापासून सुरुवात करून ते वऱ्हाडच्या भाग्योदयापर्यंत आले, मग पुन्हा मागे गेले. नावेतले दोघे नावाडीसुद्धा तोंड वासून मंचाकडे बघत बसले.

भाषण संपलं, टाळ्या ओसरल्या आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, बंडू कुठं गेला?"

नावाड्यांनी त्याला वर काढला तेव्हा जॅकेट अंगाला घट्ट बांधलेलंच होतं. भिजून ते इतकं जड झालं होतं की दोघांना मिळून तो ओढवेना.

२

जयवंताबाई शेंदूरजनाघाटची. तिच्या घरच्यांचा संत्र्यांचा बगीचा होता. तिची लेक सिंधू बाईंच्याच शाळेत शिकून गेली होती, तेवढ्या ओळखीवर ती बाईंच्या दारात येऊन बसली.

"बाई, माह्या देवीदासले धरून नेलं. म्हन्तात, त्यानं जॅकेटातला कापूस इकला."

"मग माझ्याकडे काय आलीस? मी मास्तरीण आहे."

"तो खुशालराव इन्स्पेक्टर तुमचा भाऊ हाय न? मी गेली त मले फाटकातूनच हाकलून देलं. पोरानं लढाईत फौजेच्या कारखान्यात इमानाचं काम शिकलं, कागद भेटला त्याले सरकारचा. आता सजा झाली त तो कागद गेला, अन पोरगाही गेला."

देवीदास म्हणजे कंपनीचा इंजिनिअर. विमानातल्या सगळ्या बदलांवर आणि जॅकेटांवर त्याची सही होती. बाईंनी त्याला एकदाच पाहिलं होतं. रामरावांना संकटाच्या खिडकीसमोर चांदीचा देव्हारा बसवायचा होता, तेव्हा भर सभेत तो म्हणाला होता, "मंजुरीशिवाय इमानात खिळासुद्धा ठोकता येत नाही, रावसाहेब." रामरावांना तो अपमान वाटला होता. बाईंना मात्र त्या सभेत ऐकण्यासारखं तेवढं एकच वाक्य सापडलं होतं.

त्या पदर खोचून मावसभावाच्या कचेरीत गेल्या.

"ताई, केस एकदम सरळ हाय," खुशालराव खुर्चीत रेलून म्हणाला. "या जॅकेटात सावरीचा कापूस असते. तो पानी धरत नाही, म्हणून..."

"ते मला शिकवू नकोस. पुढं बोल."

"त कोनीतरी तो काढून आपला साधा कापूस भरला. साधा कापूस आधी तरंगते, मंग पानी पिते, अन मंग दगड होते. गोदामाच्या चाव्या तिघांपाशी. देवीदास, रामराव अन ओमप्रकाश शेठ. आता रावसाहेब अन शेठजी असं करतीन का?"

"का नाही करणार?"

"बडी मानसं हायेत, ताई!"

बडी माणसं म्हटली की खुशालरावाचा तपास तिथंच थांबायचा. बाईंनी नाक मुरडलं आणि उठायला लागल्या, तेवढ्यात त्यानं हुकमाचं पान टाकलं.

"अन हे पाहा. गोदामातली सारी जॅकेटं फोडली आम्ही. प्रवाशांच्या प्रत्येक जॅकेटात साधा कापूस निघाला. तीन मात्र असली सावरीची. दोन वैमानिकांची अन तिसरं देवीदासचं स्वतःचं! आपला जीव तेवढा वाचवला लेकानं. आता बोला."

बाई पुन्हा खाली बसल्या. हे मात्र जड होतं.

३

अकोल्याच्या धावपट्टीशेजारी पत्र्याचं गोदाम होतं. बाहेर ते डाकोटा नाक वर करून उभं होतं, आणि त्याच्या शेपटीवर कंपनीच्या अध्यक्षांचं नाव विमानाच्या नंबरापेक्षा मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं. बाईंनी ते वाचलं आणि मान फिरवली.

आत ओमप्रकाश शेठ भेटले. जिनिंग प्रेसचे मालक, कंपनीचे भागीदार, आणि खुशालरावानं वगळले तरी बाईंच्या मते संशयित. ज्याच्या अंगणात कापसाचे डोंगर, त्यानं जॅकेटात कापूस भरणं काय कठीण?

"शेठजी, सावरीचा कापूस विकून किती सुटत असतील हो?" बाईंनी थेट विचारलं.

शेठ मोठ्यानं हसले. "बाई, तो कापूस नाही, थट्टा हाय! त्याचं सूत निघत नाही, हातात धरला त उडून जाते. साऱ्या वऱ्हाडात त्याले गिऱ्हाईक नाही. चोरानं चोरला असन त घरी नेऊन त्याचं काय लोणचं घातलं?"

"मग तुमचं मत काय?"

"माहं मत कोन विचारते? मी म्हटलं होतं, इमानातून संत्री धाडू. संत्री घाबरत नाहीत अन भाषनही करत नाहीत. पन रामरावले बडी मंडळी बसवायची होती. पहिल्या फेरीले कोन कोन बसनार, हे आधीच ठरलं होतं. त्यांच्यातल्या काहींनी जॅकेटाच्या नावानं कुरबुर केली, असं कानावर आलं."

"कसली कुरबुर?"

"मले नाही सांगितली. मले धंद्याचं कळते, त्यांचं नाही."

माणूस तिरसट होता, पण खोटा वाटला नाही. विकायला गिऱ्हाईक नाही, म्हणजे खुशालरावाची चोरी पहिल्या पायरीवरच कोसळली. मग कुणाला कुणाचा घात करायचा होता का? तसं असेल तर वैमानिकांना वगळून काय साधणार? विमान समुद्रात गेलं तर सारेच एका पाण्यात.

बाईंनी फोडलेली जॅकेटं एकेक करून हातात घेतली. खुशालराव बाजूला उभा राहून जांभया देत होता.

असली तीन जॅकेटं मळकी होती. त्यांच्यावर तेलाचे डाग होते, फौजी शिक्के ठसठशीत होते, शिवण मशीनची होती. बदललेली जॅकेटं मात्र स्वच्छ. शिक्के फिके पडलेले, शिवण हाताची, बारीक आणि सरळ धावदोऱ्याची. बाईंनी कापड नाकाशी नेलं.

"खुशाल, वास घे."

"काहीतरी साबनासारखं येऊन राहिलं."

"साबण नाही, रिठा आहे. हा चोर कापूस काढल्यावर मागं राहिलेली खोळ धुतो, आणि तीही रिठ्यानं. पाहिला होतास असा चोर कधी?"

मग त्यांनी कापसाचे पुंजके विस्कटले. एका पुंजक्यातून काळपट, चुरगळलेलं पान पडलं. दुसऱ्या जॅकेटातूनही तसंच. तिसऱ्यातूनही.

"कचरा हाय, ताई. आमच्या हवालदारानंही पाह्यला तो."

"एका जॅकेटात निघाला तर कचरा. प्रत्येकात, अगदी छातीच्या जागी, एकेक?" बाईंनी ते पान तळहातावर चोळून भावाच्या नाकापुढं धरलं. "तुझ्या अंगणात रोज सकाळी वहिनी जिला पाणी घालते, ती तुळस तुला ओळखता येत नाही?"

खुशालरावाची जांभई अर्ध्यातच थांबली.

"आता मला एवढंच सांग," बाई म्हणाल्या. "विमानाची पूजा कुणी केली होती?"

४

मोर्णा नदीच्या पलीकडं जुन्या शहरात नारायणशास्त्री राहत. रामरावांच्या घराण्याचे ते पिढीजाद उपाध्याय. बाईंनी खुशालरावाला ओसरीत गप्प बसायला सांगितलं आणि स्वतः आयुष्यात प्रथमच पडेल चेहऱ्यानं हात जोडले.

"शास्त्रीबुवा, एक शंका आहे. घरातलं माणूस गेलं, तर त्याच्या गादीचं काय करावं?"

"दान करावी," शास्त्रीबुवा खुलले. "स्वतः वापरू नये. त्या कापसात मृताचा संपर्क राहतो."

"आणि खोळ चांगली असली, टाकवत नसली तर?"

"खोळ शुद्ध करता येते. धुवावी, गोमूत्र शिंपडावं. कापूस मात्र टाकलाच पाहिजे."

"आणि नवा भरताना तुळशीचं पान ठेवावं."

"अर्थात. बाई, तुम्ही जाणत्या दिसता."

"आपल्याइतकी नाही. ती विमानातली जॅकेटं आपण शुद्ध केलीत, तेव्हाही हाच विधी केला असेल?"

शास्त्रीबुवांना यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. उलट त्यांची छाती फुगली. "करावा लागला! लढाईत मेलेल्या कोण कुठल्या गोऱ्यांच्या अंगावरची ती वस्त्रं. समाजातली प्रतिष्ठित मंडळी ती गळ्यात कशी घालणार? रामरावांनी मला विचारलं, मी उपाय सांगितला. तो इंजिनिअर सही करून दाखला आणायला मुंबईला गेला होता, तेवढ्या अवधीत सगळं झालं. वैमानिकांची आणि त्या इंजिनिअरची सोडली. त्यांना कुठं विधिनिषेध आहे?"

बाईंच्या ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं. देवीदासला चोर ठरवणारी ती तीन जॅकेटं केवळ यांच्या तुच्छतेमुळं वाचली होती. ज्यांना यांनी शुद्ध करण्याच्या लायकीचं मानलं नाही, तेवढेच तिघे समुद्रात तरले असते.

"आणि तो जुना कापूस? तो दान दिला?"

"घेणार कोण? मी स्वतः पोती नेऊन मोर्णेत विसर्जन केलं." इथं शास्त्रीबुवा जरा थांबले. त्यांचा आवाज खाली आला. "पण बाई, खोटं सांगत नाही. नदीनं घेतला नाही."

"म्हणजे?"

"बुडेना! काठीनं दाबला, वर दगड ठेवले, तरी सुटून वर येई. दिवसभर पांढरा पुंजका पाण्यावर नाचत होता. किती अपवित्र वस्तू असेल ती! मोर्णामाईनं परत केली."

ओसरीतून खुशालरावाच्या खोकल्याचा आवाज आला. बाईंनी डोळे मिटले. बुडत नाही म्हणूनच जी वस्तू सातासमुद्रापलीकडून जॅकेटात भरून आली, ती बुडत नाही म्हणूनच या गृहस्थांनी अशुभ ठरवली होती. सगळं उत्तर त्यांच्या डोळ्यांपुढं दिवसभर तरंगत होतं आणि हे त्याला काठीनं ढोसत उभे होते.

"हे तलावावरच्या समारंभाच्या आधी घडलं?"

"आधी. चांगलं आधी."

"मग आपण कुणाला सांगितलंत?"

"त्याच संध्याकाळी रामरावांच्या घरी जाऊन सांगितलं. रामराव नुसते हसले." शास्त्रीबुवांनी कपाळाला आठी घातली. "त्यांच्या पत्नी सत्यवतीबाई मात्र हसल्या नाहीत."

५

रामरावांच्या बैठकीत गालिचा होता, लोड होते, पाहुण्यांसाठी खुर्च्या होत्या, आणि भिंतीवर रामरावांचीच तीन छायाचित्रं होती. खुशालराव दाराशी अवघडून उभा होता. शास्त्रीबुवांना बरोबर आणलं होतं, ते गालिच्याच्या कडेला बसले.

बाईंनी पाल्हाळ लावलं नाही. "रावसाहेब, जॅकेटं तुम्ही बदलवलीत. कापूस कुणी विकला नाही की कुणी घात केला नाही. विकायला गिऱ्हाईक नाही आणि घात करणारा रिठ्यानं धुवून तुळशीपत्र ठेवत नाही. जी मंडळी सोवळ्यातली, त्यांचीच जॅकेटं तेवढी बदलली. गोदामाची चावी तुमच्याकडे होती आणि देवीदास मुंबईत होता. शास्त्रीबुवांनी सगळं सांगितलं आहे."

रामरावांचा चेहरा क्षणभर उतरला, मग वकील जागा झाला. "शास्त्रीबुवांनी विधी सांगितला, त्यांनीच तो केला असेल. मी कामाचा माणूस. जॅकेटांच्या शिवणीत मी लक्ष घालतो की काय?"

शास्त्रीबुवांनी आ वासला. "रामराव, पोती तुमच्या गाडीतून गेली!"

"तर मग घरच्या बायकांनी परस्पर केलं असेल. बायकांना काय कळतं? त्यांनी अज्ञानानं केलं, त्याला माझा काय इलाज? गुन्हा म्हणायचाच, तर सही करणाऱ्या इंजिनिअरचा. नंतर तपासायला त्याला काय झालं होतं?"

आधी उपाध्याय, मग बायको, मग कोठडीतला पोरगा. खापर फोडायला या माणसाला डोकी कमी पडत नव्हती. बाईंना इतकी किळस आली की त्यांनी खुर्ची मागं ओढली. रामरावांनी वहाणेत पाय सरकवले, भेट संपली अशा आवाजात खुशालरावाला म्हणाले, "इन्स्पेक्टर, यातलं मला काही ठाऊक होतं, याचा पुरावा आहे तुमच्याकडे?"

खुशालरावानं बाईंकडे पाहिलं. पुरावा नव्हता.

"मले ठाऊक होतं," आतल्या दारातून आवाज आला.

सत्यवतीबाई उंबऱ्याच्या अलीकडं आल्या. हाताला कणीक लागलेली होती. पाहुण्यांसमोर बैठकीत त्या कधी आल्या नसाव्यात, कारण गालिच्यावर पाय ठेवताना त्या अडखळल्या.

"तू आत जा," रामराव म्हणाले.

"ती जॅकेटं मी शिवली. एकेक टाका माहा हाय. शास्त्रीबुवा सांगून गेले, जुना कापूस बुडत नाही. मले वाटलं, मग आपला बुडते का? भरून उरला होता, तो घंगाळात टाकला. आधी वर राह्यला. मी भाजी निवडून आली तोवर तळाशी गेला होता."

"सत्यवती!"

"यांना हात धरून नेलं अन दाखवला. म्हटलं, पुन्हा उसवते, पन हे कोणाच्या गळ्यात घालू नका. तर म्हणाले, निमंत्रणं गेली, साहेब येऊन राहिले, आता तमाशा नको. मी म्हटलं, मग निदान पोहता येनारा माणूस तरी सोडा. तर म्हणाले, मग लोकांना पटणार कसं?"



"तो मेला तेव्हा मी विचारलं. म्हणाले, त्याचं काळीज कमजोर होतं. दुसऱ्या कोणाले धरलं हे मले आत्ता या दारामागं समजलं. पेपर घरात येते, पन तो या खोलीतच राहते." त्यांनी प्रमोदिनीबाईंकडे पाहिलं. "मी कचेरीत येऊन सांगते. त्या पोराले सोडा."

सगळ्यांच्या नजरा रामरावांकडे वळल्या.  इतकी वर्षं सभा गाजवणाऱ्या त्या माणसाच्या तोंडातून जे निघालं ते खरं होतं, आणि म्हणून अधिकच लाजिरवाणं होतं.

"मला वाटलं, भाषण संपेपर्यंत तरंगेल."

"रावसाहेब," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "तुमचं भाषण कधी वेळेवर संपलं आहे का?"

खुशालरावानं टोपी डोक्यावर चढवली. बडी माणसं पकडायची त्याला सवय नव्हती, म्हणून त्यानं प्रथम "चला साहेब" म्हटलं आणि मग बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहून नुसतंच "चला" म्हटलं. शास्त्रीबुवा मागं राहिले. त्यांनी बाईंना हळूच विचारलं की आता या जॅकेटांतही माणूस मेला, तर यांचाही कापूस काढावा लागेल का. बाई सरळ दाराबाहेर पडल्या. काही माणसांवर रागावणंसुद्धा श्रम वाया घालवणं असतं, असं त्यांना वाटलं.

६

देवीदास अमरावतीच्या कोठडीतून सुटला तेव्हा जयवंताबाई फाटकाशी रडत होती आणि हसत होती. लायसन्सही वाचलं. सरकारी तपासनिसानं कळवलं की सही केली तेव्हा जॅकेटं निर्दोष होती, आणि त्यानंतरचा बदल मंजुरीशिवाय, देवीदासच्या पाठीमागं झाला.

तो उंच, हाडकुळा पोरगा बाईंसमोर येऊन उभा राहिला. आता हा पाया पडणार, आभार मानणार, या कल्पनेनं बाईंनी आधीच कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, एक विचारू? मुंबईहून आल्यावर मी गोदाम उघडलं, तेव्हा जॅकेटं साफ दिसली. मले वाटलं, कोनीतरी चांगल्या मनानं धुवून ठेवली. एकही उसवून पाह्यलं नाही मी. पाहायले पाहिजे होतं न?"

जयवंताबाई मध्येच म्हणाली, "अरे, सुटला न तू! आता काहून बोलून राह्यला?"

त्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं, असं प्रमोदिनीबाईंना क्षणभर वाटून गेलं. पण असं खोटं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "पाहायला पाहिजे होतं."

देवीदासनं मान हलवली. "बंडूच्या घरी जाऊन येतो आधी," तो आईला म्हणाला, "मंग गावाले जाऊ." आणि तो स्टेशनाच्या रस्त्यानं चालू लागला.

बाई त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. तलावाच्या काठावर सगळी शहाणी माणसं जमली होती, आणि एवढ्या मोठ्या प्रकरणात आपली चूक आपल्या तोंडानं बोलणारी दोनच माणसं निघाली. त्यातल्या एकाला कोठडीत ठेवलं होतं आणि दुसरीला स्वयंपाकघरात.